साखरेचा आळ

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉल लागला आणि तुम्ही दोघं एका सुरात ओरडलात, "साखरचोर कुठे आहे?" आजोबा माझ्या खांद्यामागून पुढे सरकले, दोन्ही तळहात दाखवले, मग लेंग्याचे खिसे उलटे करून दाखवले. तुम्ही हसलात, मागे तुमची आई हसली. फोन नेहमीसारखा माझ्या हातात होता. मीही हसले, कारण पडद्याच्या कोपऱ्यातल्या छोट्या चौकोनात मला माझाच चेहरा दिसत होता आणि तो हसरा नसता तर तुम्ही विचारलं असतं, "आजी, काय झालं?"

हे नाव तुम्ही ठेवलंत, पण ज्या गोष्टीवरून ठेवलंत ती मी सांगितली होती. ती गोष्ट खरी नाही. सांगताना मला ती खरी वाटत होती. पण गेले दोन महिने ती खरी नाही हे मला पक्कं माहीत आहे, आणि तरी दर रविवारी मी फोन धरून हसते आहे. तोंडाने सांगायला जमत नाही म्हणून लिहून पाठवते. तुमची आई वाचून दाखवेल. तिनेही नीट लक्ष द्यावं, कारण तिनेही तिच्या बाबांना फोनवर पंधरा मिनिटं सुनावलं होतं, आणि तेही माझ्याच सांगण्यावरून.

आजोबांना शुगर निघाली तिथून सुरू करते. इकडे या आजाराला सगळे शुगरच म्हणतात. डॉक्टरांनी एक गोळी लिहून दिली आणि म्हणाले, "वरची साखर बंद करा. चहातली, बिस्किटांतली, मिठाईतली. तीन महिन्यांनी परत रक्त तपासू." आजोबा चहात दोन चमचे साखर घ्यायचे. दुपारच्या जेवणाचा शेवट त्यांना गोडाने लागायचा. फार काही नाही, पोळीचा शेवटचा घास तूप-साखरेशी. आणि संध्याकाळी पाचला चहाबरोबर दोन नानकटाया. तुर्भ्याच्या कारखान्यात ते फोरमन होते, तेव्हा पाळी सुटल्यावर गेटसमोरच्या बेकरीतून नानकटाई घेऊन घरी यायचे. नोकरी सुटली, पाचची वेळ राहिली.

डॉक्टरांनी सांगितलं आजोबांना, मनावर घेतलं मी. तुम्हाला ठाऊकच आहे, मी एका कॉलेजात ग्रंथपाल होते. माझ्या स्वयंपाकघरात प्रत्येक बरणीवर चिठ्ठी असते आणि चिठ्ठी ज्या बाजूला तीच बाजू पुढे असते. तुम्ही आला होतात तेव्हा तुमच्यापैकी धाकट्याने मुद्दाम सगळ्या बरण्या उलट्या फिरवून ठेवल्या होत्या. डॉक्टरांकडून आलो त्याच दिवशी संध्याकाळी मी साखरेची बरणी रिकामी केली, धुतली, वाळवली आणि तिच्यात गुळाची पावडर भरली. नवी चिठ्ठी लावली. मग वाशीला जाऊन मोठ्या दुकानात दीड तास उभी राहून पाकिटांवरचं बारीक इंग्रजी वाचलं. 'नो अॅडेड शुगर' असं ज्या ज्या पाकिटावर होतं ते घेतलं. बिस्किटं घेतली, फळांचा रस घेतला, अंजिराच्या वड्या घेतल्या. मी इंग्रजी शाळेत शिकले. पुढे आयुष्यभर छापील अक्षरांत काम केलं. इंग्रजीत छापलेलं वाक्य मला अजूनही थोडं जास्त खरं वाटतं. हे कबूल करायला लाज वाटते, पण आहे ते आहे.

घरी येऊन एक तक्ता केला आणि फ्रिजवर लावला. सकाळी गुळाचा चहा आणि त्या पाकिटातली दोन बिस्किटं. अकरा वाजता फळांचा रस. जेवणात भाकरी-पोळी, भाजी, भात, ताक आणि नंतर अंजिराची वडी. पाच वाजता खजूर, सुकामेवा आणि गुळाचे लाडू, दोन. रात्री दूध, त्यात मध. साखर कुठेच नाही.

आजोबांनी तक्ता चष्मा लावून वाचला. "नानकटाईचं काय?"

"नानकटाई बंद. लाडू आहे ना."

"तू म्हणशील तसं," ते म्हणाले. आणि खरंच तसंच वागले. एकदाही कुरकुर नाही. उलट पहिला लाडू खाऊन म्हणाले, "अगं, हे पथ्य आहे की सण?"

मला फार बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की सोसायटीच्या महिला मंडळात मी उभी राहून सांगितलं, साखर सोडणं अवघड नाही, फक्त डोकं लावावं लागतं. लाडवाची कृती व्यवस्थित टाइप करून मी ग्रुपवर पाठवली. बायकांनी अंगठे पाठवले. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी, ज्यांच्या मिस्टरांनाही शुगर आहे, एक डबा भरून नेला.

आमच्याकडे सकाळी भाकरीला बाई येते, घणसोली गावातली. तांदळाची भाकरी अशी करते की पापुद्रा मोजून घ्यावा. एक दिवस ती लाडू वळत असलेल्या माझ्याकडे बघत कट्ट्याला टेकून उभी राहिली.

"काकी, ह्ये काकांसाठी?"

"हो. यात साखर नाही."

"गूल हाय ना?"

"गुळाचं वेगळं असतं. गुळात लोह असतं."

"लोह असंल. पन गूल काय न साखर काय, दोनी उसाचीच हायत ना?" ती पीठ मळायला वळली. "आमचे सासूला शुगर होती. साखरंचा दाना नाय खाल्ला. गुलाचा खडा मात्र सदा तोंडात. मंग पायाचा अंगठा कापावा लागला."

मी तिला समजावलं. हो, मी तिला समजावलं. रिफाइन्ड म्हणजे काय, नॅचरल म्हणजे काय, ते दोन-तीन वाक्यांत सांगितलं, जसं ग्रंथालयात नव्या मुलांना सांगायचे. तिने "असंल बाय" म्हणून पीठ मळलं. तिने कधी शाळा पूर्ण केली नाही, हे त्या वेळी माझ्या मनात होतं. तुम्हाला सांगते आहे ते सगळं सांगायचं तर हेही सांगायला हवं.

तीन महिन्यांनी रक्त तपासलं. आकडा खाली यायचा तो वर गेला होता.

रिपोर्ट मी दोनदा वाचला. मग फ्रिजवरचा तक्ता वाचला. तक्त्यात चूक नव्हती. तक्ता मी केला होता आणि तक्त्याप्रमाणे जेवण मी वाढत होते, म्हणजे घरात चूक होणं शक्य नव्हतं. मग ती बाहेर होती.

"तुम्ही बाहेर काय खाता?" मी विचारलं.

"काही नाही."

"बागेतून येताना चहा पिता ना?"

"पितो. बिनसाखरेचा."

"टपरीवर बिनसाखरेचा चहा?"

"तो वेगळा उकळतो. आम्ही दोघं तसलाच पितो. त्यालाही शुगर आहे." म्हणजे त्यांचे कारखान्यातले एक मित्र. कोपरखैरण्याला राहायला आल्यापासून ही चार निवृत्त माणसं रोज सकाळी सेक्टरातल्या बागेत सहा फेऱ्या मारायची, मग गेटाबाहेरच्या टपरीसमोरच्या बाकावर बसून अर्धा तास बोलायची. काय बोलायची कोण जाणे. घरी येऊन आजोबांना विचारलं तर म्हणायचे, "काही विशेष नाही." पण दार उघडताना चेहरा फुललेला असायचा.

दोन दिवसांनी मशीन लावताना त्यांच्या सदऱ्याच्या खिशात मला पेढ्याचा कागद सापडला. तुपाचा डाग असलेला, घडी घातलेला.

"हे काय?"

त्यांनी कागदाकडे पाहिलं. "आमच्या कारखान्यातल्या त्याला नातू झाला. पेढे वाटले त्याने."

"आणि तुम्ही खाल्लात."

"नाही. वॉचमनला दिला."

"आणि कागद खिशात ठेवलात?"

"मग कुठे टाकू? रस्त्यावर?"

आता लिहिताना मला दिसतं की हे उत्तर किती सरळ होतं. आजोबांनी आयुष्यात रस्त्यावर कागद टाकलेला नाही. बसचं तिकीटसुद्धा ते घरी आणून आपल्या डब्यात टाकतात. हे मला लग्नापासून माहीत आहे. तरी त्या सकाळी मला वाटलं, पकडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साडी बदलली, पिशवी घेतली आणि त्यांच्या मागोमाग बागेकडे गेले. फिरायला नाही, थेट टपरीवर. चौघं बाकावर बसले होते, हातात काचेचे छोटे ग्लास. मला बघून आजोबा उभे राहिले. त्यांना वाटलं, घरी काही झालं.

मी टपरीवाल्याला म्हटलं, "हे बघा, यांना साखरेचा चहा द्यायचा नाही. मागितला तरी द्यायचा नाही. बिस्कीट नाही, क्रीमरोल नाही. यांना शुगर आहे."

टपरीवाला गोंधळून आजोबांकडे बघायला लागला. "काका तर फिकीच पितात, आंटी."

"ते मला सांगू नका," मी म्हटलं.

बाकावरचे एक जण हसले. कारखान्यातले ते मित्र म्हणाले, "वहिनी, आमच्या ग्लासावरही तुमची सही घ्यायची का?" तिसऱ्यांनी म्हटलं, "अरे, फोरमनचा पण फोरमन निघाला." सगळे हसले, वाईट मनाने नाही. पुरुष एकमेकांना असंच बोलतात. आजोबा हसले नाहीत. ते ग्लासात बघत उभे होते. चहा संपलेला होता, तरी बघत होते. मग त्यांनी ग्लास विसळायच्या बादलीत हलकेच ठेवला आणि माझ्याबरोबर घरी आले. रस्ताभर पिशवी त्यांनीच घेतली.

दुसऱ्या दिवशी ते बागेत गेले नाहीत. सोसायटीच्या पार्किंगमध्ये फेऱ्या मारून आले. तिसऱ्या दिवशीही. मी विचारलं तर म्हणाले, "इथे बरं आहे. कुत्री नाहीत." मित्रांचे फोन आले, तेव्हा म्हणाले गुडघा दुखतोय. पाच वाजता माझे दोन लाडू खाल्ले आणि पेपर वाचत बसले.

आणि मी काय निष्कर्ष काढला? की आता टपरीवर नजर आहे म्हणून जाण्यात मजा राहिली नाही. खरे असते तर गेले असते. मी हे तुमच्या आईला सांगितलं. तिने तो फोन केला. मग त्या रविवारी तुम्हाला सांगितलं, अगदी रंगवून: पेढ्याचा कागद कसा सापडला, मी टपरीवर छापा कसा घातला. तुम्ही पोट धरून हसलात. तुमच्यापैकी मोठीने विचारलं, "आजोबा, तुम्ही चोरून साखर खाता?" आणि धाकट्याने नाव ठेवलं. आजोबांनी दोन्ही कान धरले. तुम्हाला ते इतकं आवडलं की पुन्हा करायला लावलंत. त्यांनी पुन्हा धरले.

पुढच्या तीन महिन्यांत ते घराबाहेर फक्त पार्किंगपर्यंत आणि बँकेपर्यंत गेले. बँकेत मी बरोबर होते. तोंडात जाणारा प्रत्येक घास माझ्या हातचा होता. रक्त तपासलं, आकडा आणखी वर.

डॉक्टरांनी या वेळी आम्हाला डाएटिशियनकडे पाठवलं. तिथली मुलगी अगदी लहान वयाची, केस वर बांधलेले, टेबलावर प्लॅस्टिकचं केळं आणि प्लॅस्टिकची पोळी. ती म्हणाली, "आजोबा दिवसभरात काय काय खातात, ते आठवून सांगाल का?" आठवायची गरजच नव्हती. मी फ्रिजवरचा तक्ता काढून, नवीन प्रत करून, फाइलमध्ये घालून नेला होता. तो पुढे केला. माझ्या मनात होतं, हिला बरं वाटेल, इतकं नीट कोणी आणत नसेल.

तिला खरंच बरं वाटलं. "वा, किती छान लिहिलंय," ती म्हणाली. मग तिने पेन उघडलं आणि गोल करायला लागली. गुळाच्या चहाभोवती गोल. फळांच्या रसाभोवती गोल. अंजिराची वडी, लाडू, मध. बिस्किटांपाशी थोडी थांबली आणि तिथेही गोल केला. संपूर्ण कागदावर भाकरी-पोळी, भाजी, भात आणि ताक एवढंच गोलाबाहेर उरलं, त्यातल्या भाताच्या पुढे तिने 'अर्धा' लिहिलं.

"आजी, ही सगळी साखरच आहे," ती म्हणाली. तिचा आवाज इतका मऊ होता की मला जास्त लागलं. "गूळ, मध, खजूर, शरीराला सगळं सारखंच. खजूर एखादा चालतो. एका लाडवात किती घालता?"

"चार," मी म्हटलं.

"आणि गूळ वेगळा?"

मी मान हलवली.

"पण पाकिटावर लिहिलं होतं," मी म्हटलं. म्हणायला नको होतं. ती म्हणाली, "वरून घातली नाही म्हणतात ते, आजी. आत नाही असं नाही म्हणत."

मग तिने आजोबांना विचारलं, "आणि आजोबा, बाहेर काय खाता?"

आजोबा म्हणाले, "मी बाहेर जातच नाही."

तक्रार नव्हती त्यात. विचारलं तेवढं सांगितलं. पण मला त्या खोलीत कुठे बघावं ते कळेना, म्हणून मी प्लॅस्टिकच्या पोळीकडे बघत राहिले.

ग्रंथालयात आम्ही म्हणायचो की हरवलेल्या पुस्तकाची तरी नोंद होते. चुकीच्या कप्प्यात ठेवलेलं पुस्तक समोर असूनही वर्षानुवर्षं सापडत नाही. मी गूळ चुकीच्या कप्प्यात ठेवला होता. ते एक वेळ चालेल. माणूसही चुकीच्या कप्प्यात ठेवला होता.

रिक्षाने घरी निघालो. घराजवळच्या सिग्नलला आजोबा म्हणाले, "लाडू मात्र छान व्हायचे हं."

मी म्हटलं, "तुम्ही मला तेव्हा काही बोलला का नाहीत? तुम्ही काही खात नव्हता, तर ओरडायचं होतं माझ्यावर."

ते म्हणाले, "तू एवढं लिहून काढलं होतंस. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकत असणार. मग वाटलं, टपरीवाला आमचे ग्लास बदलत असेल. तेवढ्यासाठीही मी जायचं बंद केलं. म्हटलं, बघू तरी."

म्हणजे मी आळ घातला आणि त्यांनी तो खरा आहे का ते स्वतःवर तपासून पाहिलं.

सोसायटीच्या गेटवर उतरल्यावर मी वॉचमनला विचारलं. विचारायला नको होतं, आता कशाला, पण विचारलं. तो हसला. "आंटीजी, काका को जो भी मीठा मिलता है, मुझे ही देते हैं। बोलते हैं, ले भाई, ऊपर चेकिंग है।" आजोबा लिफ्टचं बटण दाबत होते. त्यांनी ऐकलं नाही असं दाखवलं.

त्या दिवसापासून घरात काय बदललं तेही सांगते, कारण तुमच्याकडेही ती रंगीत सिरियलची खोकी येतात आणि त्यांच्यावर काय छापलेलं असतं ते मी व्हिडिओत बघितलं आहे. चहात आता काहीच नाही. पहिले आठ-दहा दिवस तोंड वाकडं झालं, माझंसुद्धा, कारण आता मीही तसलाच पिते. मग एका सकाळी चहाला चहाची चव लागली. आलं घातलेलं कळायला लागलं, दूध चांगलं आहे की पातळ ते कळायला लागलं. जेवणानंतर भाजलेली बडीशेप आणि ओल्या खोबऱ्याचा एक तुकडा. आजोबांना गोड हवं होतं असं मला वाटायचं. त्यांना जेवण संपल्याची खूण हवी होती, एवढंच असावं.

अवघड होती ती पाचची वेळ. मी चणे भाजले, शेंगा उकडल्या, पेरूच्या फोडींना तिखटमीठ लावलं. ते सगळं खायचे, पण तक्त्याप्रमाणे खायचे. शेवटी मी भाकरीवाल्या बाईला विचारलं. सोपं नव्हतं ते. मी म्हटलं, "तू म्हणत होतीस ते बरोबर होतं, गुळाचं."

तिने माझ्याकडे बघितलं. "मंग? तवा मी काय बोलली?" एवढंच म्हणाली, पण दोनदा म्हणाली. तेवढा तिचा हक्क होता. मग म्हणाली, "काका कोकनातले ना? त्यांना जवला भाजून द्या. कांदा, मिरची, वर कोकम. गोडाची आठवन कशाला येतेय."

सुका जवळा, पाचव्या मजल्यावर, खिडक्या बंद असलेल्या सोसायटीत. मला वासाचीच काळजी. पण तिने दुसऱ्या दिवशी गावातून स्वच्छ निवडलेला जवळा आणला, मीठ कमी हवं म्हणून दोन पाण्यांतून काढला आणि तव्यावर भाजला. वास जिन्यात गेला. पाच वाजता आजोबांपुढे वाटी ठेवली. त्यांनी पेपर खाली ठेवला, पहिला चमचा खाल्ला आणि डोळे मिटून घेतले. मग म्हणाले, "आई करायची." अख्ख्या लाडवांच्या काळात असं ते एकदाही म्हणाले नव्हते. आता आठवड्यातून दोनदा जवळा असतो, बाकीचे दिवस चणे नाहीतर शेंगा. समोरच्यांनी दार लावून घेतलेलं मला ऐकू येतं.

महिला मंडळाच्या ग्रुपवर मी दुरुस्ती पाठवली. कृती चुकीची आहे, शुगर असलेल्यांनी हे लाडू खाऊ नयेत, चूक माझी. त्यालाही बायकांनी अंगठेच पाठवले. दुसऱ्या मजल्यावर मात्र मी स्वतः जाऊन सांगितलं. त्या बाई म्हणाल्या, "अहो, यांना इतके आवडले होते की मी रोज तीन देत होते."

आणि टपरी. डाएटिशियनकडून आल्यावर चार दिवस मी स्वतःशी वाक्यं जुळवत होते. पाचव्या दिवशी सकाळी डब्यात भाजलेले चणे-शेंगदाणे घेऊन एकटीच गेले. बाकावर तिघं बसले होते, चौथ्या जागेवर कोणाची तरी पिशवी ठेवलेली. मी उभ्यानेच सांगितलं: हे बाहेर काही खात नव्हते. चहा बिनसाखरेचाच होता. पेढा वॉचमनला दिला होता. साखर माझ्या लाडवांत होती. टपरीवाल्यालाही म्हटलं, तुम्ही खरं सांगत होता, मी तुम्हाला खोटं पाडलं.

मग कारखान्यातल्या मित्रांनी ती पिशवी उचलली. "वहिनी, बसा आधी. ए, एक फिकी दे वहिनींना." आणि डबा उघडून म्हणाले, "यात गूळ नाही ना?" तेव्हा सगळे हसले, मीही हसले.

"त्याला पाठवा हो," मी निघताना ते म्हणाले. "त्याची जागा धरून धरून ही पिशवी झिजली."

आजोबा लगेच गेले नाहीत. आठवडाभर पार्किंगमध्येच फिरले. मग एका सकाळी बघते तर बुटांची जागा रिकामी, आणि ते परत आले नऊ वाजता. दार उघडलं तेव्हा चेहऱ्याकडे मी चोरून पाहिलं. "काय म्हणाले सगळे?"

"काही विशेष नाही," आजोबा म्हणाले. मग बूट काढता काढता म्हणाले, "विचारत होते, सहीची चिठ्ठी आणली का."

अजूनही विचारतात. रोज कुणीतरी विचारतंच. मी जाऊन माझे शब्द परत घेतले ते त्यांना आठवत नाही असं नाही, पण हसायला पहिलंच उपयोगी पडतं.

आता तुमच्याशी बोलायचं तेवढं राहिलं होतं. मागच्या सोमवारी मी आजोबांना म्हटलं, "मुलांना मी सांगणार आहे. ते नाव बंद करायला सांगणार आहे."

ते शेंगा सोलत होते. "राहू दे."

"राहू दे काय? तुम्ही चोर नाही."

"मला माहीत आहे." त्यांनी एक शेंग माझ्यापुढे ठेवली. "अगं, फोन असतो तुझ्या हातात. तू त्यांना अभ्यास विचारतेस, पुस्तकं विचारतेस. मी मागे. त्यांना माझ्याशी बोलायला तेवढंच तर आहे. साखरचोर म्हणतात, मी खिसे दाखवतो. तेही काढून घेतलंस तर मी काय दाखवू?"

मला हे कधी दिसलंच नव्हतं. इतकी वर्षं फोन मीच धरते, कारण ते धरतात तेव्हा पडद्यावर अर्धं कपाळ आणि पंखा दिसतो. मला नीट चौकट लागते. त्या चौकटीत ते नेहमी माझ्या खांद्यामागे.

तेव्हा नाव ठेवायचं की काढायचं ते तुम्ही तिघं आपसात ठरवा, तुम्ही दोघं आणि ते. मी सांगणार नाही. फक्त एवढं माहीत असू द्या की त्यांनी काही चोरलं नव्हतं. त्यांना विचारण्यासारखं पुष्कळ आहे. कारखान्यात भट्टीजवळ बटाटे कसे भाजायचे ते विचारा, नातू झालेल्या मित्राने पहिल्यांदा मशीन चालवताना काय केलं ते विचारा. मला ते पूर्ण कधी सांगितलेलं नाही, कारण मी कधी पूर्ण ऐकलेलं नाही.

हे शनिवारपर्यंत तुमच्या आईला मिळेल. रविवारी तुम्ही फोन कराल तेव्हा मी स्वयंपाकघरात असेन आणि फोन आजोबांच्या हातात असेल. पडद्यावर पंखा दिसेल. थोडा वेळ थांबा, फोन खाली होईल आणि ते दिसतील.